दुसरं ऊन

खानापुरात ऊन दोनदा जातं.
एकदा मृगाच्या तोंडावर, कुणाला न सांगता,
आणि एकदा अश्विनात.
काहीतरी विसरलं होतं म्हणून
आठ-दहा दिवस परत येतं,
चप्पल न काढता उंबऱ्यातच उभं राहतं.

त्या दिवसांत घरातलं सगळं बाहेर.
वाकळा कुंपणावर,
तांदळाचे डबे उघडे,
आणि अंगणात आ वासून परशरामाची बॅग.
(नावानं हाक मारत नाही मी. लिहिताना लिहिते.)
बॅगेत पांढरी बुरशी,
मागच्या मोसमाची एक पावती,
कळंगुटची चिमूटभर वाळू.
दर वर्षी झटकते.
दर वर्षी थोडी उरते.

चार महिने घरात पाऊस आणि तो.
दोघंही बोलायचे थांबत नाहीत.
आमटीत मीठ कमी आहे.
तिकडं शॅकात फोडणी अशी देत नाहीत.
खिडकीला बिजागरी बसवायला पाहिजे,
म्हणतो, आणि बसवत नाही.
माझ्या चाकाशेजारी येऊन विचारतो,
'काय करूलैस गे?'
काय करणार!
माती ओली, लाकूड ओलं, भट्टीवर पत्रा.
आषाढात घडवलेली कुंडी
भादव्यातही अंगठा दाबला की आत जाते.

मग एका सकाळी पुलाखाली मलप्रभा निवळते.
पायरीवरचं शेवाळं पापुद्र्यासारखं सुटतं.
पोटरीला आलेलं भात वास सोडतं,
आणि मल्लव्वा रताळ्यांची पाटी उतरवून
दारातच बसते:
'बिसिलु बंतु.'
आलं, मी म्हणते. आलं बाई एकदाचं.
तिला रताळी काढायची घाई,
मला एक्केचाळीस कुंड्या वाळवायची.
दोघी हसतो, रताळं मोडून चीक बघतो.

खोटं कशाला बोलू,
हे ऊन मी मागून घेते.
ज्येष्ठापासून मागते.
आणि हेच ऊन तिकडं किनाऱ्यावर
शॅकांचे बांबू उभे करतं,
हेच त्याच्या फोनमधून शेठच्या आवाजात बोलतं,
कधी येतोस?

कुंडीला ऊन लागतं, पण बेतानं.
घाई केली की कडेपासून तडा जातो.
म्हणून दुपारी त्या मी सावलीत ओढते,
चार वाजता पुन्हा उन्हात,
मग पुन्हा सावलीत.
तो बघत असतो, दाढी करता करता.
'एकदा काय ते ठरव की,' म्हणतो.

लोंढ्याकडं जाणारी गाडी पहाटेची.
बॅग खांद्यावर टाकून म्हणतो, 'येतो.'
आमच्यात जातो कुणी म्हणत नाही.
मल्लव्वाच्या भाषेतही नाही,
होगि बर्तीनि, जाऊन येते, म्हणतात.
बसच्या पाट्यांवरून दोन भाषा
किती वर्षं भांडतायत इथं,
पण दारातून निघताना
दोघी एकच खोटं बोलतात.

घर मोठं झालं.
मी खाटेवर आडवी-तिडवी झोपते.
आमटीत दोन मिरच्या जास्त.
चाक दिवसभर फिरतं, कुणी काही विचारत नाही.
बरं वाटतं. खरंच बरं वाटतं.
संध्याकाळी पळीवरचा थेंब तळहातावर घेते
आणि मोठ्यानं म्हणते,
मीठ कमी आहे.

ऊनही गेलं, परवा कधीतरी.
ते येतो म्हणालं का, लक्ष नव्हतं माझं,
भट्टी लावत होते.
सकाळी कुंड्यांच्या पोटावर दव होतं.
दोन तडकल्या, एकोणचाळीस उरल्या.
बिजागरी नसलेली खिडकी
गार वाऱ्यानं सारखी वाजत होती.

काल रात्री पहिल्यांदा वाकळ ओढली.
तिला अजून उन्हाचा वास.
डोक्यावरून घेतली,
आणि एक पाय
बाहेरच ठेवला.