दहाची गोटी

तीनदा वाजली.
एकदा ब्रॅकेटवर, एकदा कशावर तरी पोकळ,
तिसऱ्यांदा इतकी हळू
की वाजली म्हणायचं ते कानांच्या भरवशावर.
चौथा आवाज जमिनीचा असायला हवा होता.
तो आलाच नाही.

कंटेनरच्या दाराबाहेर उणे अठ्ठावीस.
आत शेगडीपाशी डुलमाबाई,
हातात मीठ घातलेल्या दुधाळ चहाचा वाडगा.
दार्खानला निघायचंय, लेकीचे दिवस भरत आलेत.
दर पाच मिनिटांनी विचारतात, "झालं?"
मी म्हणतो, "होतंच आलंय."
खोटं नव्हतं. एकच बोल्ट उरला होता.

टॉर्च दातात धरली.
थंड धातू ओठाला चिकटतो,
म्हणून तिला जुन्या मोज्याचं टोक घातलंय.
पाइप, पाइपाखाली पाइप, नारिंगी केबल
(तिच्या वाटेला जायचं नाही)
आणि सगळ्यावर सात हिवाळ्यांची कोळशाची काजळी.
उजेड पोचतो तिथे गोटी नसते.

चुंबकाची कांडी सोडली.
तिला पंपाचं लोखंड आवडलं, मग ब्रॅकेटचं, मग बोल्टचं,
नको त्या प्रत्येकाला लाडात येऊन चिकटली.
तारेचा आकडा केला.
गाडी हलवली, आधी गोंजारून, मग खांद्याने ढकलून.
आत कुठेतरी खुळखुळलं.
खुळखुळतंय म्हणजे आहे.
आहे म्हणजे मिळेल असं नाही.
घरच्या शिव्या संपल्या,
तेव्हा शाळेत चोरून शिकलेल्या रशियन काढल्या.

"काका, सरका."
अनुजिन. टायरवाल्याची नात, अकरा वर्षांची,
धुरामुळे शाळा बंद.
तिनं बाही खांद्यापर्यंत ओढली, गाल पत्र्याला टेकवणार
तोच मी माझी टोपी मध्ये घातली.
आणि तिनं डोळे मिटले.
वीस वर्षं मी डोळे फाडून शोधतोय.

माझं मनगट जिथे अडतं
तिथून तिचं कोपर नाहीसं झालं.
चेहऱ्यावर, मेंढीच्या पोटात
कोकरू चाचपणाऱ्या बाईचा भाव.
डुलमाबाई चहा ठेवून उठल्या, वाकल्या,
"डोकं लागतंय की पाय?"

"लागली!"
हात बाहेर आला, काळा, ओरखडलेला,
मुठीत गोटी.

पुसली.
बाराची.

माझी बाराची समोर खोक्यात, आपल्या जागी.
ही जड, कडा घासलेल्या,
अंगावर जपानी अक्षरं, निम्मी झिजलेली.
कुणीतरी, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावात,
असंच वाकून तीन आवाज मोजले असणार,
चौथ्याची वाट पाहिली असणार,
मग घड्याळ बघून बॉनेट लावलं असणार.
आणि ही गाडीबरोबर बोटीत चढली,
आगगाडीतून वाळवंट ओलांडून
विनातिकीट इथवर आली,
सात हिवाळे दार्खानला जाऊन येऊन राहिली.

खोक्यात नाही टाकली. खिशात ठेवली.
का, ते विचारू नका.

दहाची टायरवाल्याकडून उसनी आणली.
देताना त्यानं तिला दोरा बांधला,
दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला,
दोन गाठी, वर आणखी एक.
बोल्ट बसला.
गाडी आवाज न करता सुरू झाली, तिची सवयच ती.
डुलमाबाईंनी चाकांवर दुधाचे थेंब उडवले, ते तिथेच गोठले.
मी सांगणार होतो,
आत माझं काहीतरी राहिलंय,
खडखडलं तर घाबरू नका.
तोवर त्या कोळशाच्या ढिगापलीकडे वळल्या होत्या.

"आपली मग कुणाला मिळणार?" अनुजिन.
"हात धू आधी," मी म्हणालो,
आणि दातांनी गाठ सोडू लागलो.
पलीकडून टायरवाला ओरडतच होता.