बघतो

सोहारच्या कॅम्पात शुक्रवारी जेवण उरकलं
की पास्कू तुस्कानो एसीचं रिकामं खोकं फाडून
भिंतीला टेकवतो
आणि मार्करने एक शब्द लिहितो.
पास्कू आमचा स्टोअरकीपर, वसईचा.
पाद्री व्हायचं म्हणून चार वर्षं सेमिनरीत होता.
मग नाही झाला.
का, ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
आता नटबोल्टचा हिशेब ठेवतो,
आणि लॅटिन त्याच्याकडे उरलंय
जसं मोडलेल्या लग्नातलं घड्याळ उरतं
आणि चालू असतं.

आजचा शब्द विदेरे. म्हणजे बघणे.
"ह्या एका बाईची पोरं किती, बघा," पास्कू म्हणाला,
"अर्धी तुमच्याच खिशात आहेत."

पहिला व्हिसा. बघितलेला कागद.
काउंटरमागे कोणीतरी एकदा बघितला,
शिक्का मारला, आपण आलो.
आपल्याला नाही बघितलं. कागदाला.

सुपरवायझर, वरून बघणारा.
आमचा तर खालून बघतो, यासीन हमदुले म्हणाला,
परांचीवर चढायला त्याचे पाय लटपटतात.
मागच्या बाकावरचे दोघे झोपेतून उठून हसले.

प्रोव्हिजन. पुढचं आधीच बघून ठेवणं.
संगमेश्वरला स्टँडसमोर एक दुकान होतं,
अमृत प्रोव्हिजन स्टोअर्स.
गुळाच्या ढेपेवर माश्या, उधारीची लाल वही.
सगळं लहानपण ती पाटी वाचली
आणि मला वाटायचं, प्रोव्हिजन म्हणजे तूरडाळ.

रिव्हिजन, पुन्हा बघणं. पगाराचं होतं म्हणतात.
एव्हिडन्स, उघड दिसतं ते.
बोट गेलं तर बोट नसलेला हात दाखवावा लागतो, तसं.

एन्व्ही लिहून पास्कू जरा थांबला.
"हेही त्याच घरातलं. कोणाच्या बऱ्याकडे वाकडं बघणं."
"म्हणजे दृष्ट," यासीन म्हणाला.
म्हणजे दृष्ट!
मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या ती.
साहेबालाही ठाऊक होती तर.
घरावर नवे पत्रे चढवले तेव्हा कुंदा फोनवर म्हणाली होती,
लोक बघतात.
एवढंच. बघतात.

मी विचारलं, "आणि वाट बघणं? ते कितवं पोर?"
पास्कूने मार्करला टोपण लावलं, परत काढलं.
"ते हिचं नाही.
वाट बघायला लॅटिनमध्ये धातूच वेगळा.
बाहेर डोळे लावून बसणं.
इन्स्पेक्टर त्या घरातला.
ते पुढच्या शुक्रवारी."

खोक्याच्या तळाला बोटभर जागा उरली होती,
तिथे त्याने बारीक अक्षरात लिहिलं, व्हिडिओ.
"हा नुसता शब्द नाही, आख्खं वाक्य आहे.
मी बघतो.
कर्ता, क्रियापद, सगळं आत.
समोरचा बघतोय की नाही,
ते मात्र ह्यात नाही."

रात्री नऊला, म्हणजे तिकडे साडेदहाला,
पाण्याच्या टाकीमागे जिथे रेंज येते तिथे
कॉल लागला.
कुंदा आधी नुसते चौकोन, मग कुंदा.
फोन इतका जवळ धरते
की मला कपाळ आणि एक डोळा दिसतो.
पोराचा दात पडला, त्याने कौलावर फेकायला मागितला,
पण आता कौलं कुठायत, पत्रे आहेत,
दात खणकन वाजून परत अंगणात.
नळाचा अर्ज अजून ग्रामपंचायतीतच.
मग थोडं थांबून,
"शिमग्याला तरी याल?"

मी म्हणालो, बघतो.

अकरा वर्षं हेच म्हणतोय.
आज पहिल्यांदा ऐकू आलं.
पडद्यावर ती गोठली होती, तोंड अर्धं उघडं,
काहीतरी म्हणायच्या बेतात.
आणि खाली कोपऱ्यातल्या इवल्या चौकोनात
मी,
तिच्याकडे नाही,
माझ्याकडेच बघत असलेला.