इंजिन मागे असतं

सिग्नल लाल होता. मी थांबले होते.
पोलिसांना सांगायचं होतं ते एवढंच.
पण मागच्या सीटवर बिटाच्या कांजीची बरणी फुटली होती,
माझ्या मानेवर, कॉलरवर, पाठीवर लालेलाल,
आणि ती कोवळी पोलीसबाई
माझ्याऐवजी स्वतःच खाली बसली.

पावाची व्हॅन होती. रेमेक नावाचा पोरगा.
टोपी मुठीत चुरगळत खिडकीशी आला,
"बाई, तुमची गाडी मला दिसलीच नाही."
काय बोलणार?
अख्ख्या बिएल्स्कोत या गाडीला मालुख म्हणतात,
मालुख म्हणजे चिमुरडं.
चिमुरडी कधी कुणाला दिसली आहेत,
पायात येईपर्यंत?

हिचं सामान पुढे आणि इंजिन मागे.
म्हणजे मागून धडकणारा
थेट काळजालाच धडकतो.
विम्याचा माणूस आला, चकचकीत बुटांचा,
त्यानं वाकूनसुद्धा पाहिलं नाही,
"गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग."
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
मी म्हटलं, बाळा, कोंबडी माझी आहे.

लुडविकचं गॅरेज रेल्वेच्या पुलाखाली,
बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे.
गाडी गेली की सगळे पाने भिंतीवर किणकिणतात
आणि लुडविक बोलता बोलता थांबतो,
डबे मोजल्यासारखा.
रेमेक दर गुरुवारी यायचा, राईचा पाव घेऊन,
न सांगता दिवा धरून उभा राहायचा.
त्याला कुणी हो म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात लुडविकनं मला बोलावून घेतलं.
इंजिनाचं झाकण घासून ठेवलं होतं.
वर आमचा साईसारखा पांढुरका रंग,
त्याखाली दोन बोटं लांबी,
त्याखाली निळा.
स्वच्छ, आभाळी, दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा निळा.
"हे झाकण तुमचं नव्हेच," तो म्हणाला,
"इथे आधीही बसलाय मार. चांगलाच."

झेनोन!
प्रत्येक नामदिनाला, दुसऱ्या ग्लासानंतर,
ज्याला त्याला सांगायचा,
बारा वर्षं झाली, वीस वर्षं झाली,
हिला एक ओरखडा नाही!
आणि मी मागून काकडीची बशी घेऊन येताना
मान डोलवायची.

पंच्याऐंशीचा मार्च. चार दिवस झिव्हिएत्सला गेला होता,
भावाचं छप्पर रंगवायला.
परतला तेव्हा हातांना रंगाचा वास होता,
मी ते हात रॉकेलनं पुसून दिले, नखं न् नखं.
त्या भावाचं छप्पर
आजही गंजाचंच आहे.
किती वेळा खाली बसून चहा प्यायले,
वर पाहिलं नाही.

कुठे धडकला होतास? कोण होतं सोबत?
की कुणी नव्हतंच,
आणि माझ्या तोंडाचीच भीती होती फक्त?
त्या वेळी झाकण मिळवायचं म्हणजे
किती जणांचे पाय धरले असशील.
मी हसायला लागले आणि थांबता येईना,
रेमेकच्या हातातला दिवा हलायला लागला.

"मग कोणता करू?" लुडविकनं विचारलं,
"निळा तसाच शोभेल हं."
मी म्हटलं, नाही. झाकून टाक.
ज्यासाठी त्यानं चार दिवस आणि एक भाऊ खर्ची घातला
ते मी एका दुपारी उघडं पाडायचं?
आतून मात्र ठेव निळा.
इंजिन तापलं, झाकण उघडलं,
तर मला दिसेल तेवढाच.

परवा गाडी घरी आणली.
दोन सीटांमधला खटका ओढला, तिसऱ्यांदा सुरू झाली,
पेट्रोलचा तोच जुना, नाकात बसणारा वास.
त्याच सिग्नलला उभी राहिले.
आरशात एक ट्रक मोठा होत आला,
होत आला,
थांबला.
सीटवर नवी बरणी दोन्ही गुडघ्यांत धरली होती मी.

पुढची डिकी अख्खी रिकामी आहे, लुडविक ओरडला होता निघताना,
सामान पुढे ठेवायचं असतं, बाई,
चव्वेचाळीस वर्षांत एवढं कळलं नाही?