निरगाठ

भांगाचं पाणी. ओढ नाही.
कर्लीच्या खाडीत जेटीची शेवटची पायरी
अजून काळोखातच आहे.
गौरेश तिच्यावर बसतो, दोन्ही हात पाठीमागे करतो
आणि म्हणतो, "बांध."

सुंभ त्यानेच निवडलाय, काथ्याचा.
नायलॉन नको म्हणाला.
काथ्या भिजला की आवळतो,
तसाच पाहिजे.

जहाजावरून महिन्याची सुट्टी घेऊन आलाय,
पुढच्या निवडीच्या तयारीला.
आल्या दिवशी दप्तरात वाळू भरली.
जुनं दप्तर, सातवीतलं,
आतल्या कप्प्यात अजून कंपासपेटीचा गंज.
पहाटे देवबागच्या टोकापासून तारकर्लीपर्यंत धावतो,
ओल्या पॅंटने, मऊ वाळूतून,
घट्ट वाळू लागली की मुद्दाम बाजूला होतो.
आईला सांगून ठेवलंय,
रात्री कधीही उठव, कारण सांगू नको.
ती दीडला उठवते, तीनला उठवते
आणि मधल्या वेळात स्वतः जागी असते.

लाडू तांडेल म्हणाला,
"पाण्यात जन्मलेल्याक पाणी काय शिकवतले?"
गौरेश हसला नाही.
पोहता येणारेच आधी परत येतात, म्हणाला,
हात मारायची सवय असते त्यांना.

काल मी बांधलं
तेव्हा बोटांनी आपसूक सुरगाठ घातली.
चाळीस वर्षं रापणीचा दोर बांधतोय,
एक गाठ समुद्राला उकलू दिली नाही,
पण पोराच्या मनगटाशी
बोटं माझी राहिली नाहीत.
तळाला पाय लागले असतील नसतील,
हात मोकळे.
वर आला तो चिडून.
"बाबा, थंय माका सैल कोण बांधतलो?"

म्हणून आज निरगाठ.
आधी पाय, मग हात.
ओढून पाहिलं. परत ओढून पाहिलं,
होडी नांगरताना पाहतो तसं.
त्याने मान हलवली आणि गेला.

डोकं वर, एक श्वास, परत खाली.
किती वेळा वर येतो ते मोज, म्हणाला होता.
मी बुडबुडे मोजत राहिलो.
टोळ माशांचा थवा वरून सरकत गेला,
त्यांना कशाचं काही नव्हतं.

अकराव्या वेळी उशीर झाला.
मी सदरा काढला.
दोन पायऱ्या उतरलो. पाणी गुडघ्याला.
याच पाण्यावर घर चालवलं मी
आणि आता त्याच्याशी काय बोलावं, कळेना.

मग त्याचं डोकं.
डोळे उघडे, चेहऱ्यावर काही नाही,
माझ्याकडे बघितलंही नाही.
श्वास घेतला. परत खाली.

विसाव्याला पायरीवर ओढून घेतला.
गाठ भिजून दगड झालेली.
नखं लावली, दात लावले,
तोंडात काथ्या आणि मीठ.
तो कुडकुडत मुकाट बसला,
पाण्याखाली एका दमात राहिला
त्याच्या कितीतरी पट वेळ.

"कोयतो हाडू?" मी विचारलं.
"नको," म्हणाला,
"सुंभ फाल्या लागतलो."