माणशी एक किलो

हर्णैच्या बर्फ कारखान्यात मी लाद्या मोजते.
वहीच्या पुढच्या पानांवर गाडी नंबर, बोटीचं नाव, उधारी.
वही उलटी धरली की मागून
माझी कादंबरी सुरू होते.
तिथं तमाली नावाची जादूगारीण आहे.
तिनं नुसता हात वर केला
आणि मैलभर खाडी गोठली,
सातशे माणसं चालत पलीकडे गेली.
मला ते पान फार आवडलं होतं.

याकूब होडेकर कॉम्प्रेसरवर. तीस वर्षं.
अमोनियानं नाक मेलंय, कान मात्र शाबूत,
पट्टा सैल झाला तर झोपेतून उठतो.
त्याला वाचून दाखवलं.
तो बशीत चहा ओतत राहिला,
मग म्हणाला, "गरमी कुठं टाकलीन?"

"कसली गरमी?"

"बाय, थंडी कोण बनवत नाय.
गरमी काढायची नि दुसरीकडं न्यायची.
आपला धंदा हमालीचा."
त्यानं मला मागच्या बाजूला नेलं.
कंडेन्सरच्या नळ्यांवरून कोमट पाणी ठिबकत होतं,
आडोशाला मांजर, चार पिल्लं.
"कालच्या सगळ्या लाद्यांतली गरमी ही हितं.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं?
आणि पोहऱ्यात आली तर ओतलीस कुठं?"

"जादू आहे ती, याकूबभाई."

"असू दे. जादूला पण लाईट बिल येतं."

रात्री मी गरमी डोंगरावर टाकली.
काजू जळले, मागोमाग वाडी. पान फाडलं.
खाडीच्या तळाशी टाकली, तर बोयरं उकडून वर आली.
तमालीच्या अंगात टाकली,
ती पहिल्याच ओळीत वाफ झाली.
महिनाभर ती किनाऱ्यावर उभी,
हात अर्धा उचललेला,
आणि मी पुढून नुसत्या लाद्या लिहितेय.

मग मला मलेरिया झाला.
गोधडीत कुडकुडताना सुचलं,
ताप.
उन्हाला तोच शब्द, दुखण्याला तोच,
जिवामागच्या कटकटीला तोच.
ताप वाटून घेता येईल की!
सातशे माणसं, एकमेकांचे हात धरून,
खाडीची गरमी थोडी थोडी प्रत्येकाच्या अंगात.
तमालीनं हुकूम नाही केला, मागितलं.

याकूबनं खडू घेतला, पत्र्यावर आकडे मांडले.
पाणी सत्तावीस अंशांवरून खाली आणायचं,
वर गोठवायचे ग्रॅममागे ऐंशी,
खारं पाणी शून्यालाही ऐकत नाही, ते वेगळं.
"दोन अंश ताप सोसला तर
माणशी एक किलो बर्फ. फार तर."

"म्हणजे सातशे किलो."

"पाच लाद्या, वर तुकडा."

कारखान्यात तेवढ्या एका हातगाडीवर जातात.

"पूल नाय होणार," तो म्हणाला,
"तराफा होईल. एक माणूस सोसेल,
तोही किरकोळ अंगाचा. पाय भिजतील."

सैन्य मी खोडलं. झेंडे, तुताऱ्या, घोडे खोडले.
मिठागरवाल्याची धाकटी वेसू तेवढी राहिली,
अडतीस किलो, कमरेला निरोपाची नळी.
ती बर्फावर उकिडवी बसली
आणि सातशे जणांच्या अंगात कणकण भरली.

याकूबला वाचलं. या वेळी बशी खाली ठेवलीन.
"बर्फ वितळताना गरमी परत मागतो, ध्यानात आहे ना?"

नव्हतं.

"तराफा झिजला की ह्यांचा ताप उतरणार."

बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला. मी वही सुलटी केली.
चौदा लाद्या, सुकी बारदानं दोन, उधार.
मागच्या पानावर वेसू अजून मधल्या धारेत आहे.
धुक्यात कोणाला काही दिसत नाही.
ताप उतरू नये म्हणून
सातशे माणसं किनाऱ्यावर बसली आहेत,
कपाळाला हात लावून.