लाल बोरिंग

मेटे हे तिकडे आडनाव नसतं, नाव असतं.
आई अजून विचारते, तुमच्या त्या मेटेबाई
मूळच्या कोणत्या गावच्या?
समुद्राकाठच्या, मी सांगते.
"हाव का? मंग लांब पडते."

दोन वर्षांचा कोर्स. ज्ञान-संवाद.
ज्याला कळलंय त्यानं, ज्याला कळलं नाही त्याला
कसं सांगावं, याचं शास्त्र.
गावात कोणी विचारलं तर एवढंच सांगते,
आणि कवडूमामा म्हणतो,
"मंग आमचा कोतवाल काय करत होता बाप्पा,
फुकटात?"

पहिल्या सत्रात मी वर्गात उभी राहिले,
म्हटलं, माझ्या प्रबंधाचा विषय बोरिंग आहे.
सगळे हसले, घानाची एफुआ सर्वांत मोठ्यांदा.
मग फळ्यावर काढून दाखवलं,
दांडा, तोटी, चौथरा,
आमच्याकडे हातपंपाला म्हणतात, आणि ही अशी लाल.
त्यांच्याबरोबर मीही हसले, तोंडावर हात धरून.
बारा वर्षांची असल्यापासून धरते.
माझ्या पुढच्या दातांवर त्या पाण्याच्या
तपकिरी आडव्या रेघा आहेत,
दुरेघी वहीसारख्या.

लाल म्हणजे पिऊ नका. फ्लोराइड.
जिल्ह्याच्या फायलीत आहे, तारखेसह.

लाल म्हणजे काय, हे मी
सव्वीस घरी विचारलं.
सरकारी आहे म्हणून लाल, पेंदोरांची सून म्हणाली.
गंज लागू नये म्हणून.
पोस्टाचा डबा बी लालच असते, तिचं पोरगं म्हणालं.
शेवंताकाकू तर माझ्यावरच रागावली,
"लाल हाये म्हणून त आमी तिले कुकू लावतो.
नव्या नवरीले पयलं पाणी
तठंच भराले नेतो. तुया मायले बी नेलं."

सगळं टिपून घेतलं.
मेटेंच्या आकृतीत बसवून पाहिलं,
पाठवणारा, निरोप, माध्यम, घेणारा,
मधे बाण.
माध्यमाच्या चौकोनात नाव नव्हतं.
ते शोधत मी पाटणबोरीला गेले.

दशरू पेंटर आता पाट्या रंगवत नाही,
फ्लेक्स आल्यापासून.
पूर्वी आमच्याच गावात राहायचा.
गुडघे वाकत नाहीत, बाजेवर बसूनच बोलला.
"सायबानं डबा देला. म्हणे बोरिंग लाल करून टाक.
कायले, ते नाई सांगतलं.
मी बी नाई इचारलं, दीडशे रुपये भेटत होते.
पण काम असं केलं ना पोरी,
आंधी खरवडली, मंग दोन हात मारले,
अन् दांड्याखाली पिवळा मोर काढला.
मोराचे पैसे नाई घेतले."

तो मोर मला आठवतो.
शाळेची बाटली मी मुद्दाम मोराच्या बोरिंगवर भरायची,
रांगेत थांबून.
देवळामागची साधी, बिनरंगाची, रिकामी असायची.
तिचं पाणी चांगलं होतं.
हेही फायलीत आहे.

मी त्याला सांगितलं.
सोप्या शब्दांत, लहान वाक्यांत, मधे थांबत,
जसं शिकवलंय तसं.
तो ऐकत राहिला. हात गुडघ्यावरून फिरत राहिला.
मग आत बघून म्हणाला,
"चहा मांड वो."

चहा आला. कोणत्या पाण्याचा, ते मी विचारलं नाही.
सगळं माहीत असलेली मी
सगळा प्यायले.

निघाले तर मागून आवाज आला,
"ब्रश हाये अजून. रंग सांग कोणता."

स्टँडवर उभी राहून वहीत
एक ओळ लिहिली, खोडली.
दुरून धूळ दिसली, मग तिच्यातून लाल एसटी.
मी हात केला.
थांबली.