अर्धी, मग एक

डॉक्टर कुलासो बाईंनी आधी विचारलं ते झोपेचं नाही,
भुकेचंही नाही.
"काम काय करता?"
म्हटलं, पाडेली. सावईवेऱ्यात माड चढतो,
दिवसाला तीस-पस्तीस. आता दोनही होत नाहीत.
बुंध्याशी उभा राहिलो की वाटतं,
हा माड कुणीतरी रातोरात उंच केलाय.

पिशवीतलं सगळं टेबलावर मांडायला लावलं:
गुडघ्याची गोळी, प्रेशरची,
आणि म्हार्दोळच्या एका वैद्याची, लेबल नसलेली बाटली.
गुडघ्याची त्यांनी बदलली.
"बाटलीत काय आहे?"
मला माहीत नव्हतं.
"मग मलाही नाही. राहू दे ती."

चिठ्ठीवर लिहिलं: सकाळी अर्धी, पेज झाल्यावर. आठ दिवसांनी एक.
आणि खाली, दोन रेघा मारून,
जे फार्मसीत मिळत नाही ते:
मी सांगेपर्यंत माड चढायचा नाही.

अर्धी करायला शेवंतीने अडकित्ता काढला, सुपारीचा.
पहिल्या दिवशी गोळीचा चुरा झाला,
दुसऱ्या दिवसापासून हात बसला.

बरं वाटेल म्हणून घेतली
तर तोंड कोरडं, पोटात मळमळ,
पाय अंथरुणात स्थिर राहीनात.
नवव्या रात्री एक विचार आला. तो इथे लिहीत नाही.
बाईंनी बजावलं होतं, तसलं काही आलं
तर उजाडायची वाट बघू नका.
शेवंतीला उठवलं. सांगितलं.
ती रडली नाही. दिवा लावला, कोयती उचलली
आणि मध्यरात्री शेजारच्या सावळूकडे ठेवून आली.
"आमच्याकडे गंजते," म्हणाली त्याला.
मग बाईंना फोन.
त्यांनी उचलला.

चौथ्या की पाचव्या आठवड्यात पेजेला चव आली.
एवढंच.

शिगम्यात देवळासमोर नाटक. बावीस वर्षं मी प्रॉम्प्टर.
विंगेत टॉर्च धरून बसलो, आणि ओळी
पुन्हा ओळींसारख्या दिसल्या.
पडदा पडल्यावर उल्हासने ग्लास पुढे केला:
उर्राक, लिंबू, उभी चिरलेली मिरची.
"एक घोट रे, सीझनचा पहिला!"
म्हटलं, नको. मनाची गोळी चालू आहे.
सगळ्या मंडळींसमोर. मलाच माझा आवाज ऐकू आला.
कुणी काही बोललं नाही.
मग महाराज झालेला रोहिदास, मिशी अजून चिकटलेली,
मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला,
"दोन देशील? बहिणीला हव्यात."
नाही, म्हटलं. तिला बाईंकडे घेऊन जा.
ही माझ्या मापाने लिहिलीय.

एकदा चुकली. दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या नाहीत.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही:
गेलेलं वाक्य गेलं. नटाला दोन वाक्यं एकदम सांगितली
की तो आहे तेही विसरतो.

पण श्रावणात मीच शहाणा झालो.
बरा आहे, कशाला हवी, म्हणून बंद केली. परस्पर.
तिसऱ्या दिवशी मान वळवली की
डोक्यात वीज चमकायची, बारीक, ट्यूबलाइट लागताना लागते तशी.
उगाच रडू. सावळूच्या कुत्र्यावर ओरडलो.
गेलो बाईंकडे, खाली मान घालून.

रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
"सोडायची तर आहेच, आपण मिळून सोडू. अजून वेळ आहे.
माडावरून तुम्ही उतरता कसे?"
म्हटलं, चढलो तसा. पाय सापडला की मग हात सोडायचा.
"मग?" म्हणाल्या,
आणि दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

कोयती परत आलीय. सावळूने धार लावून ठेवली होती,
विचारलं काहीच नाही.
काल अकरा माड केले.
बाराव्याच्या शेंड्याकडे बघितलं
आणि म्हटलं, उद्या.